मंगळवारची मधुमेह ओपीडी: चौदा महिन्यांचा अनुभव

मुंबईच्या पूर्व उपनगरातील आमच्या नागरी आरोग्य केंद्रात दर मंगळवारी मधुमेहाची ओपीडी असते. माझ्या सासूबाईंना (मी त्यांना आई म्हणते) घेऊन मी गेले १४ महिने तिथे जात आहे. त्यांचे वय ७२, मधुमेह १९ वर्षांचा, आणि दीड वर्षापासून सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. आधी आम्ही एका खासगी डॉक्टरांकडे जात होतो. ते हुशार होते, पण त्यांच्याकडची तपासणी पाच मिनिटांत उरकत असे, आणि इन्सुलिन सुरू झाले तेव्हा ते कुठे ठेवायचे, कसे टोचायचे हे आम्हाला नाक्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या मुलाने सांगितले. त्याने काय सांगितले आणि त्यातून काय घडले ते पुढे येईलच. माझे मत आधीच नोंदवते: ही ओपीडी चांगली आहे, काही बाबतींत तर महागड्या रुग्णालयांहून चांगली आहे, आणि ती ज्यांच्यामुळे चांगली आहे त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे दर्शनी भिंतीवरच्या फलकावर नाहीत.

केंद्राचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. या लेखात तक्रारीही आहेत, आणि नाव लिहिले की चौकशीची झळ वरपर्यंत पोहोचण्याआधी कंत्राटावर काम करणाऱ्या एखाद्या मावशींना, म्हणजे मदतनीस बाईंना, लागते, हे मी अन्यत्र पाहिले आहे. ज्यांना आपल्या भागातले असे केंद्र शोधायचे आहे त्यांना ते वॉर्ड कार्यालयात विचारून सहज सापडेल.

आमच्या केंद्राला वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले आहे. मुंबईत ही व्यवस्था जुनीच आहे. धारावीतले ज्याला लोक ‘छोटा सायन’ म्हणतात ते केंद्र सायनच्या रुग्णालयाचे, आणि मालाडच्या मालवणीतले केंद्र केईएम रुग्णालयाचे. आमचे त्याच घडणीचे, आकाराने लहान. इथे तपासणारे डॉक्टर बहुतेक वेळा इंटर्न असतात, म्हणजे एमबीबीएसची साडेचार वर्षे संपवून वर्षभराच्या सक्तीच्या प्रशिक्षणात असलेली तेवीस-चोवीस वर्षांची मुले-मुली. त्या वर्षातले १२ आठवडे जनऔषधवैद्यक, म्हणजे समाजाच्या आरोग्याकडे पाहणाऱ्या विभागाचे असतात आणि त्यातला काही काळ ती अशा केंद्रात येतात. त्यांच्या जोडीला जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या विद्यार्थिनी, प्रयोगशाळेत डीएमएलटीचा, म्हणजे प्रयोगशाळा तंत्रज्ञानाचा पदविका अभ्यासक्रम करणारा एखादा मुलगा, आणि या सगळ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या एक वैद्यकीय अधिकारी मॅडम. ‘शिकाऊ डॉक्टरांच्या हातात आईंना कशाला देतेस’ असे मला नात्यातल्या तिघांनी तरी ऐकवले. त्यांची भीती मला अनाठायी वाटत नाही. मात्र ही मुले तिथे एकटी नसतात, हे त्यांना ठाऊक नव्हते.

मुले येतात आणि जातात. केसपेपरच्या खिडकीवरचे कारकून, इंजेक्शन रूमच्या सिस्टर, औषधाच्या खिडकीतले फार्मासिस्ट, मामा (वॉर्डबॉय) आणि मावशी हे तिथेच असतात. रुग्ण कोणता, त्याच्या घरी कोण आहे, मागच्या खेपेला तो का रडला, ही माहिती केसपेपरवर नसते, ती या पाच-सहा माणसांच्या डोक्यात असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली काढलेल्या एका आराखड्यात म्हटले आहे, की वेगवेगळ्या व्यवसायांतल्या विद्यार्थ्यांनी एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकले पाहिजे. आमच्या केंद्रात या वाक्याचा अर्थ थोडा पुढे नेलेला दिसतो, कारण इथे डॉक्टर होऊ घातलेली मुले अशा माणसांकडूनही शिकतात ज्यांच्या कामाला कुणी व्यवसाय म्हणत नाही.

हे मला पहिल्यांदा कळले ते रांगेत बसल्या बसल्या. आठ वाजता केसपेपरची खिडकी उघडते, १० रुपयांचा कागद हातात पडतो, आणि नऊला पाच-दहा मिनिटे कमी असताना सगळा चमू वजनकाट्याशेजारच्या टेबलाभोवती उभा राहतो. कुणी खुर्चीवर बसत नाही, चहा नाही, फक्त दहा मिनिटांचे बोलणे. बाकावरून ऐकू येते म्हणून लिहिते: मॅडम सर्वांत आधी मावशींना विचारतात. मग मावशी सांगतात की खिडकीजवळचे काका आज एकटेच आले आहेत आणि त्यांना नीट दिसत नाही, हिरव्या साडीतल्या ताईंच्या गोळ्या महिनाभरापूर्वी संपल्या आहेत पण त्या डॉक्टरांना तसे सांगणार नाहीत, आणि दोघांनी येताना चहा घेतला आहे तेव्हा त्यांची उपाशीपोटीची साखर आज काढण्यात अर्थ नाही. त्यानंतर सिस्टर, मग फार्मासिस्ट कोणती गोळी आज साठ्यात नाही ते सांगतात, आणि इंटर्न शेवटी बोलतात. पहिल्या आठवड्यात इंटर्नांच्या चेहऱ्यावर थोडा कंटाळा असतो. तिसऱ्या आठवड्यात त्याच मुली वहीत लिहून घेताना दिसतात.

आता आमच्याच घरचे दोन प्रसंग, कारण सेवेची पारख करायची तर चुकीच्या वेळी काय झाले ते पाहावे लागते.

पहिला प्रसंग तिसऱ्या महिन्यातला. आईंची साखर इन्सुलिन चालू असूनही उतरत नव्हती. इंटर्न मुलीने आहार विचारला, गोळ्या विचारल्या, आईंच्या आंब्यावर योग्य तो संशय घेतला, आणि सकाळचा डोस २० युनिटांवरून ३० करावा असे सुचवून कागद मॅडमकडे न्यायला ती उठली. त्या केंद्रात एक नियम आहे की डोस बदलण्याआधी रुग्णाला इंजेक्शन रूममध्ये पाठवायचे आणि तो घरी जसे इन्सुलिन भरतो तसे सिस्टरांसमोर भरून दाखवायचे. सिस्टर स्वतः बोलत नाहीत. जीएनएमची विद्यार्थिनी आणि इंटर्न दोघींना शेजारी उभे करतात आणि पाहायला सांगतात. आईंनी पिशवीतून बाटली काढली, सिरिंज काढली, चष्मा लावून २० च्या रेघेपर्यंत अगदी बिनचूक औषध ओढले. विद्यार्थिनी म्हणाली, “बरोबर आहे.” सिस्टर म्हणाल्या, “टोपणाचा रंग बघ.”

टोपण नारिंगी होते. बाटली एका मिलीलिटरला ४० युनिटांची होती, आणि तिच्यासाठी लाल टोपणाची सिरिंज लागते. नारिंगी टोपणाची सिरिंज १०० युनिटांच्या इन्सुलिनसाठी असते. नाक्यावरच्या दुकानातल्या मुलाने ‘सगळ्या सारख्याच असतात’ असे सांगून ती दिली होती आणि आम्ही ती घेतली होती. सिस्टरांनी त्याच टेबलावर कागदाच्या पाठीमागे गणित मांडले. नारिंगी सिरिंजवर २० ची रेघ म्हणजे शून्य दशांश दोन मिलीलिटर, आणि तेवढ्यात आमच्या बाटलीतले फक्त ८ युनिट येतात. म्हणजे इतके महिने आई २० समजून ८ घेत होत्या. त्यापेक्षा भीतीदायक गोष्ट पुढची: डोस कागदावर ३० केला असता आणि पुढच्या महिन्यात कुणी चांगल्या हेतूने लाल टोपणाच्या सिरिंज आणून दिल्या असत्या, तर नारिंगी सिरिंजच्या ३० च्या रेघेने मिळणाऱ्या १२ वरून एकदम ३० युनिट अंगात गेले असते. इंटर्न मुलगी काही वेळ गप्प उभी होती. मग तिने मॅडमकडे न्यायचा कागद स्वतःच खोडला आणि खाली लिहिले: डोस तोच, सिरिंज बदलली, आठ दिवसांनी पुन्हा साखर. तिच्या जागी मी असते तर मला रडू आले असते. सिस्टर मात्र तिला एवढेच म्हणाल्या की हे कुठल्याही महाविद्यालयात होते, आता विसरू नकोस.

त्या दिवशी मला आणखी एक गोष्ट समजली. सिस्टरांनी हा नियम पुस्तकातून आणलेला नव्हता; काही वर्षांपूर्वी असाच एक रुग्ण त्यांनी पाहिला आणि तेव्हापासून मॅडमच्या मागे लागून तो लावून घेतला. वापरात असलेली बाटली साधारण चार आठवडे घरातल्या थंड जागी चालते, ती बर्फाच्या कप्प्यात कधीही ठेवायची नाही, फ्रिज नसेल तर माठाशेजारी ठेवली तरी चालेल, हेही त्यांनी आईंना त्याच बैठकीत सांगितले. आमच्याकडे फ्रिज आहे. पण बाकावर आमच्या शेजारी बसलेल्या बाईंकडे नव्हता, आणि सिस्टर हे सांगताना आवाज थोडा वाढवून तिकडे पाहत होत्या हे माझ्या लक्षात आले.

दुसरा प्रसंग आठव्या महिन्यातला, आणि यात चूक केंद्राची होती. मागच्या खेपेला एका इंटर्नने आम्हाला ‘पुढच्या वेळी उपाशी या’ एवढेच सांगितले होते. आई उपाशी आल्या, पण सवयीप्रमाणे सकाळची सुई घेऊन आल्या. मीही विचारले नाही. प्रयोगशाळेच्या रांगेत आमच्यापुढे अकरा माणसे होती. मावशी नेहमीप्रमाणे टोकन वाटत आल्या, आईंना टोकन देण्यासाठी हात पुढे केला आणि तो तसाच ठेवून त्यांनी विचारले, “आजी, सुई घेऊन आलात का घरून?” आई हो म्हणाल्या, थोड्या उशिरा आणि थोड्या अडखळत. मावशींनी टोकन खिशात टाकले, आईंचा दंड धरला आणि रांग मोडून त्यांना सरळ इंजेक्शन रूममध्ये नेले. बोटातून काढलेली साखर ६१ निघाली. ७० च्या खाली गेली की ती कमी समजायची. पाण्यात तीन चमचे साखर घालून प्यायला दिली, घड्याळ लावून पंधरा मिनिटे थांबले, पुन्हा तपासली तर ९४, आणि मग आमच्याच डब्यातली पोळी-भाजी खायला लावली.

मला आठवते ते त्यानंतरचे. मावशी इंटर्नला बाजूला घेऊन सांगत होत्या, “डॉक्टर, पंख्याखाली बसून ज्याला घाम येतो ना, त्याला आधी विचारायचं. नंबर नंतर.” मुलाने मान डोलावली आणि ‘हो मावशी’ म्हटले. पुढच्या मंगळवारच्या टेबलाजवळच्या बैठकीत त्या मुलानेच तो प्रसंग सर्वांसमोर सांगितला, आपल्या बॅचकडून सूचना अर्धवट गेली हेही सांगितले. आता केसपेपरवर एक शिक्का मारतात: ‘उपाशी या. सुई घरी घेऊ नका. सुई व डबा सोबत आणा.’ ही भाषा कोणत्याही परिपत्रकाची नाही, ती मावशींची आहे, आणि म्हणूनच ती आईंना कळते.

डब्यावरून आठवले. जेवणानंतरची साखर पहिल्या घासापासून दोन तासांनी मोजायची असते, शेवटच्या घासापासून नव्हे, आणि बहुतेक लोक इथेच चुकतात. मावशी फिरत असतात आणि ज्याने डबा उघडला त्याच्या कागदाच्या कोपऱ्यात बॉलपेनने वेळ लिहितात. आईंच्या सगळ्या केसपेपरांच्या उजव्या कोपऱ्यात ‘९.२०’, ‘९.३५’ असे आकडे आहेत. ते घरी नेलेल्या फायलीत पाहिले की दिवस डोळ्यांपुढे उभा राहतो.

मामांविषयीही लिहायला हवे. पायाची तपासणी ते करत नाहीत, पण ती होते त्यांच्यामुळे: जड पाय उचलून स्टुलावर ठेवणे, आईंना डोळे मिटायला लावणे, आणि पायाला स्पर्श कळतो का ते पाहायला इंटर्न तो बारीक नायलॉनचा, दहा ग्रॅमचा दाब देणारा तंतू तळव्याला टेकवत असताना ‘आजी, आता लागलं?’ असे विचारून उत्तर सुचवू लागली तर हळूच खाकरणे. रुग्णाने आपणहून सांगायचे असते. विचारले की माणसे हो म्हणतात. शिवाय तपासणी चालू असताना मामा चपला उलट्या करून आत हात फिरवतात. पायाला कळत नसेल तर चपलेतला खिळाही कळत नाही, असे ते मुलांना सांगतात. सुया कुठे टाकायच्या यावर तर ते कुणाचीच गय करत नाहीत. २०१६ च्या नियमांप्रमाणे टोकदार कचरा पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात जायला हवा. एका इंटर्नने घाईत सुई लाल पिशवीत टाकली तेव्हा मामांनी त्याला ती पिशवी उचलायला लावली, आणि ‘रोज ही मी उचलतो’ एवढेच म्हणाले. त्या पोस्टिंगमध्ये पुन्हा कुणी तसे केले नाही.

आता उणिवा, आणि त्या थोड्या नाहीत.

सर्वांत मोठी उणीव अशी की या सगळ्याची कुठेही नोंद नाही. मावशी कंत्राटावर आहेत. गेल्या पावसाळ्यानंतर त्यांना जवळपास दोन महिने दुसऱ्या विभागात पाठवले होते आणि त्या दोन महिन्यांत ओपीडी ओळखू येईना. टेबलाभोवतीची बैठक होत होती, पण तिथे रुग्णांविषयी सांगायला कुणाकडे काही नव्हते, म्हणून ती दोन मिनिटांत संपायची. बदली आलेल्या बाई मेहनती होत्या, मात्र त्यांना कुणी काही शिकवलेले नव्हते. जी गोष्ट शिकाऊ डॉक्टरांना पद्धतशीर शिकवली जाते ती नव्या मावशींना शिकवायची असते हे कुणाच्या ध्यानातच आले नाही. एका मंगळवारी आईंचा रिपोर्ट त्याच आडनावाच्या दुसऱ्या बाईंच्या कागदाला टाचला गेला. तो सापडेपर्यंत दुपारचा दीड वाजला, आणि तेव्हाही तो सापडला तो त्या बाईंनी ‘माझं वय ५० आहे, ७२ नाही’ अशी हरकत घेतल्यामुळे. मावशींकडे असलेली माहिती आणि त्यांची पद्धत एका साध्या वहीत उतरवून घेतली असती तर हे टळले असते. मी तसे मॅडमना सुचवले. त्यांना ते पटले, पण वही अजून आलेली नाही.

दुसरी गोष्ट इंटर्न बदलण्याची. दर काही आठवड्यांनी नवा चेहरा समोर येतो आणि १९ वर्षांची कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते. आई आता ती तोंडपाठ सांगतात, थोडी भर घालून. पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा जवळ आली की काही मुलांचे लक्ष समोरच्या रुग्णाकडे नसते, मांडीवरच्या पुस्तकाकडे असते. त्यांचे वय आणि त्यांच्यावरचा ताण मला कळतो, तरीही रुग्णाच्या बाजूने पाहिले तर ते खटकते. एक मुलगा मावशींना ‘ए, इकडे ये’ अशी हाक मारत असे. मॅडमनी त्याला सर्वांसमोर न बोलता आत बोलावले आणि त्यानंतर हाक बदलली. हे चांगले झाले, पण तोवर तीन मंगळवार गेले होते.

मावशींचेही दोष आहेत. त्या रिपोर्ट वाटताना साखरेचा आकडा मोठ्याने वाचतात. ‘तीनशे दहा! काय खाल्लंत?’ हे सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाते. ज्याला ऐकू जाऊ नये असे वाटते तो पुढच्या महिन्यात येत नाही, आणि असा एकजण आमच्याच इमारतीतला आहे. शिवाय एकदा त्यांनी एका काकांना ‘चक्कर येते ना, मग गोळी अर्धी करा’ असा सल्ला दिलेला मी ऐकला. सिस्टरांनी तो ऐकताच त्यांना थांबवले, काकांना डॉक्टरांकडे परत पाठवले आणि मावशींना म्हणाल्या, “चक्कर येते हे मला सांगायचं, गोळीचं नाही.” मावशी दिवसभर रुसून होत्या. पण घाम ओळखून रांग मोडणे हे मावशींचे काम आणि गोळी कमी करणे हे त्यांचे काम नव्हे, ही रेषा तिथे कुणीतरी सांभाळते म्हणूनच मी आईंना निर्धास्तपणे नेते.

जागेविषयी फार लिहीत नाही. बाके कमी आहेत, पावसात व्हरांड्याचा एक कोपरा गळतो, आणि मधुमेहाच्या शंभरेक रुग्णांसाठी बायकांचे स्वच्छतागृह एकच आहे, त्यालाही बरेच महिने आतून कडी नव्हती. ज्यांना वारंवार जावे लागते अशा माणसांच्या ओपीडीत हे असावे, याला दुर्लक्षाखेरीज दुसरा शब्द नाही.

जाणार असाल तर आठच्या आत पोहोचा, जुने सगळे कागद आणि घरी वापरता तीच सिरिंज व बाटली सोबत न्या, डबा न्या, आणि घरून निघताना काही होत असेल तर डॉक्टरांचा नंबर येईपर्यंत थांबू नका, टोकन देणाऱ्या मावशींना सांगा. इंटर्न तपासत असेल तर नाराज होऊ नका. तो पंधरा मिनिटे देतो, खासगीत मला तेवढी कधी मिळाली नव्हती. पाचपैकी चार गुण मी देईन. कापलेला एक गुण डॉक्टरांचा नाही आणि मावशींचाही नाही, तो त्या न आलेल्या वहीचा आहे.

केसपेपरच्या खिडकीखाली सूचनांची पेटी आहे. मी तिच्यात दोन चिठ्ठ्या टाकल्या: एक स्वच्छतागृहाच्या कडीसाठी, दुसरी मावशींची बदली करण्याआधी नव्या बाईंना निदान चार मंगळवार त्यांच्यासोबत बसवावे म्हणून. कडी महिनाभरात बसली. दुसऱ्या चिठ्ठीविषयी मी दर खेपेला कारकुनांना विचारते, आणि ते ‘वर पाठवली आहे’ असे सांगतात.